तारकर सरांचे तेवीस

तारकर सरांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ते कानाला किडा लावून उभे होते.

दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका घरातून आमच्या ऑफिसात फोन आला होता. बाई पुण्याच्या, आवाज टिपेला. बाथरूममध्ये लांबट, तपकिरी, शेपटीला चिमटा असलेला किडा निघाला होता. हा किडा झोपलेल्या मुलाच्या कानात शिरतो आणि थेट मेंदू गाठतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पेस्ट कंट्रोल कंपनीतला तो माझा पहिला आठवडा. कुठल्या घरी कुठली टीम कधी पाठवायची ते ठरवायचं आणि जॉब कार्डं भरायची, हे माझं काम. पण सावंतसाहेब, म्हणजे आमचे मालक, म्हणाले, "मानसी, आज तारकरांबरोबर साइटवर जाऊन ये. धंदा काय आहे ते कळेल."

धंदा काय आहे ते कळलं नाही, तारकर सर कळले. त्यांनी खिशातून चित्रकलेचा बारीक ब्रश काढला, किडा अलगद उचलला आणि स्वतःच्या कानाच्या पाळीवर ठेवला. मग त्या बाईंना म्हणाले, "वहिनी, चहा टाका. चहा होईपर्यंत हा आत गेला तर मला सांगा."

चहा झाला. किडा कानामागून कॉलरवर आला, तिथून बाहीवर उतरला. बाईंचा मुलगा आधी आईच्या मागे लपला होता, तो हसायला लागला. सर म्हणाले, "हा इअरविग. याचा आणि कानाचा काही संबंध नाही. उगाच बदनाम झालाय बिचारा." त्यांनी तो बाटलीत घातला, खाली जाऊन तळ्याकाठच्या झुडपांत सोडला आणि जॉब कार्डावर लिहिलं, "उपचाराची गरज नाही."

सावंतसाहेबांनी कपाळाला हात लावला. "तारकर, आपण किडे मारायचं दुकान काढलंय. सोडवायचं नाही!"

गंमत अशी की किडे मारण्यात तारकर सरांचा हात धरणारा आख्ख्या रास अल खोरमध्ये कुणी नव्हता. आमच्या गल्लीत एका बाजूला गॅरेजं, दुसऱ्या बाजूला गोडाउनं आणि मधे आमचं ऑफिस. तिथल्या खानावळवाल्यापासून टायरवाल्यापर्यंत सगळे त्यांना ओळखत. टेक्निशियन लोकांना शिकवायला त्यांनी चौदा मुद्द्यांची एक यादी केली होती. केरळचा असो की नेपाळचा, प्रत्येक टेक्निशियनला ती तोंडपाठ करावी लागे. नववा मुद्दा पँट्रीचा. खालची सगळी कपाटं उघडा. आतल्या प्रत्येक वस्तूच्या मागे, खाली आणि आत बघा. "इथे काही नाही" असं कुणी सांगितलं तरी बघा. शिबू नावाचा आमचा सगळ्यात हुशार टेक्निशियन नवव्या मुद्द्यावर सरांची नक्कल करायचा आणि सर स्वतः हसायचे.

सर मालवणकडचे. अंगानं काटकुळे, शर्ट नेहमी एक माप मोठा, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग. लोक खिशाला पेन लावतात, हे ब्रश लावत. बायको मालवणात, मुलगा पुण्यात. शारजात एका खोलीत ते चौघांबरोबर राहत. मी आणि माझी मुलगी सई तिथून दोन बिल्डिंगा सोडून. नवरा अबुधाबीला, शनिवारी-रविवारी घरी. त्यामुळे शारजा ते दुबई आणि परत, असा रोजचा तीन तासांचा ट्रॅफिक आम्ही माझ्या गाडीत एकत्र काढायचो. सहा वर्षं. नवऱ्याशी त्या सहा वर्षांत माझं जितकं बोलणं झालं नसेल, तितकं तारकर सरांशी झालं.

त्यांचं एक पालुपद होतं, "हातात नाही ते मोजायचं नाही." ते सगळ्याला लागू. पुढचा पट्टा मोकळा दिसला आणि मी "चला, आज साडेसहाला घरी" म्हटलं की ते खिडकीबाहेर बघत म्हणत, "पोहोचल्यावर सांगू." साहेबांनी पगारवाढीचं "इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात" म्हटलं की बाकीचे खूश, हे गप्प. किती झुरळं होती, असं क्लायंटनं विचारलं तर मेलेली मोजून आकडा सांगत, एकही जास्त नाही.

आणि या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट हातात नसताना मोजली होती.

दुबईला यायच्या आधी अकरा वर्षं ते एका बेटावर होते. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचं, लवंगांचं आणि नारळांचं बेट. नाव ते सांगत नसत. म्हणत, "नाव सांगितलं की लोक फोन काढून तिथली रिसॉर्टं बघत बसतात." तिथल्या एका बागायतीत पिकांवरची कीड बघायला त्यांना नेमलं होतं. नारळाच्या झावळ्यांत त्यांना इअरविग दिसायला लागले. आधी वाटलं, एकच किडा आहे. मग भिंगातून बघितल्यावर कळलं, दोन. वर्षभरानं कळलं, सात. काही पंखवाले, काही बिनपंखाचे. एक चपटा, केळीच्या सोपटात राहणारा. एक समुद्रकाठी, भरतीच्या रेषेवर. एक नखाएवढा, एक करंगळीएवढा. कुणाचा चिमटा सरळ, कुणाचा कमानदार, कुणाचा एका बाजूला वाकडा. "अगं, एवढंसं बेट," ते स्टिअरिंगवरच्या माझ्या हातांकडे बघत म्हणायचे, "उत्तरेकडून दक्षिणेला जायला शारजाहून ऑफिसात यायला लागतो तेवढा वेळ. आणि त्यात तेवीस जाती!"

बावीस जाती त्यांच्याकडे बाटल्यांमध्ये होत्या. बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या, आत स्पिरिट, त्यात किडा आणि मुंगीच्या पायासारख्या अक्षरातली चिठ्ठी. शारजात दारूबंदी. रूमवर स्पिरिटच्या बाटल्या सापडल्या तर समजावत कोण बसणार, म्हणून तो सगळा संसार ऑफिसातल्या त्यांच्या लोखंडी कपाटात.

तेविसावी बाटली रिकामी होती. तिच्यावर नुसतीच चिठ्ठी.

तिची गोष्ट त्यांनी मला एका संध्याकाळी सांगितली. पुढे कुठेतरी अपघात झाला होता आणि सगळ्या गाड्या इंजिनं चालू ठेवून जागच्या जागी उभ्या होत्या. बेटाच्या एका घळीत, पडलेल्या झावळीच्या देठाखाली त्यांना एक मादी दिसली होती. पंखांच्या झाकणांवर केशरी डाग, आणि मिशांच्या टोकाजवळचे दोन मणी पांढरेशुभ्र. असा इअरविग त्यांनी आधी पाहिला नव्हता. ती अंड्यांवर बसली होती. इअरविगची आई अंडी घालून निघून जात नाही. ती त्यांच्यावर बसते, त्यांना चाटून साफ ठेवते, बुरशी लागू देत नाही.

"बाटली उघडली होती मी," सर म्हणाले. "ब्रश पुढे नेला. ती हलेना. चिमटा वर करून माझ्या ब्रशवर धावली. एवढीशी. मला नाही झालं, मानसी. म्हटलं, पिल्लं बाहेर पडू देत, आठ दिवसांनी येतो."

आठ दिवसांनी ती घळ नव्हती. हॉटेलसाठी उतार साफ केला होता. लाल माती आणि बुलडोझर. त्यांनी पुढची दोन वर्षं बेटाचा कोपरा न् कोपरा उलथापालथा केला. मग बागायतीही विकली गेली आणि ते दुबईला आले. इअरविगचा अभ्यास करणाऱ्या एका म्युझियममधल्या शास्त्रज्ञांना त्यांनी तेवीस जातींची यादी पाठवली. त्यांनी बावीस तपासून मान्य केल्या. तेविसावीपुढे लिहिलं, "नुसत्या वर्णनावरून सांगता येत नाही."

तरीही सर तेवीसच म्हणत. संध्याकाळी आम्ही सईला तिच्या क्लासवरून घ्यायचो. ती मागच्या सीटवर बसली की पहिला प्रश्न ठरलेला, "अंकल, हाऊ मेनी?" सर मागे वळत. दोन्ही हातांची दहा बोटं, पुन्हा दहा, मग तीन. "ट्वेंटी-थ्री!" सई ओरडायची. सहा वर्षांत हा खेळ एक दिवसही चुकला नाही. सई चार वर्षांची होती तेव्हा आकडे त्याच्यावरच शिकली.

मागच्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मार्केटमधून कॉम्प्लेंट आली. रास अल खोरच्या घाऊक बाजारात एका व्यापाऱ्याकडे न सोललेले नारळ आले होते आणि पोत्यांतून किडे निघत होते. सर स्वतः गेले. दोन तासांनी परत आले ते टोपी दोन्ही हातांत धरून, लहान मूल पाण्यानं भरलेली वाटी आणतं तसे. टोपीत एक नारळ. देठाकडचं वाळकं टोपण त्यांनी ब्रशच्या दांड्यानं जरा उचललं.

"मानसी, मिशा बघ. टोकाकडे."

मी भिंगातून बघितलं. दोन मणी पांढरे. पंखांच्या झाकणांवर केशरी डाग. खाली मोत्यांच्या दाण्यांसारखी अंडी.

"पोत्यावर छापलेलं बंदर माझ्या बेटाचं आहे," ते म्हणाले. एकोणसाठ वर्षांचा माणूस माझ्या टेबलाला धरून उभा राहिला.

त्यांनी मादीचे फोटो म्युझियमला पाठवले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. मिशांवर पांढरे मणी असलेली एक साधी, सगळीकडे सापडणारी जातही आहे. दोन्हींच्या माद्या सारख्याच दिसू शकतात. फरक नराच्या चिमट्यात कळेल. नर पाठवा.

म्हणजे अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची, चार-पाच वेळा कात टाकून ती मोठी व्हायची वाट बघायची, आणि त्यातून एक, फक्त एक, पूर्ण वाढलेला नर मिळवायचा. त्याला दोन महिने लागणार होते. सरांचा व्हिसा ऑगस्टच्या मध्यापर्यंतच होता. साठी पूर्ण होत होती आणि साहेबांनी या वेळी रिन्यू करणार नाही म्हणून सांगितलं होतं. जिवंत किडे विमानातून नेता येत नाहीत. जे व्हायचं ते इथेच आणि तेवढ्याच दिवसांत.

शारजातल्या रूमवर ते शक्य नव्हतं. दिवसा सगळे कामावर गेले की एसी बंद, आणि जूनमध्ये बंद खोलीत माणूस टिकत नाही तिथे पिल्लं काय टिकणार? ऑफिसचा एसी मात्र औषधांच्या स्टोअरमुळे चोवीस तास चालू. म्हणून पँट्रीत, सिंकच्या शेजारच्या खालच्या कपाटात, अंधारात, त्यांनी प्लास्टिकचा मोठा डबा ठेवला. आत ओली माती, काथ्या, झावळीचा तुकडा. तोंडाला मलमलीचं फडकं. डबा साबणाच्या पाण्याच्या ट्रेमध्ये, एखादा बाहेर पडला तर बुडावा म्हणून. "परकी कीड आहे, या देशात सुटता कामा नये," ते म्हणाले. "नर मिळाला की बाकीची मीच संपवणार." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

किडे मारणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात, औषधांच्या स्टोअरपासून वीस पावलांवर, किडे वाढत होते. साहेबांनी दोन दिवस आरडाओरडा केला आणि मग तेच जेवणाच्या सुट्टीत कपाटापाशी उकिडवे बसायला लागले.

एक दुपार मला विसरता येत नाही. सरांनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं आणि ब्रशनं ती अंडी डबाभर विखुरली. मी ओरडलेच. "थांब," ते म्हणाले. मादी दोन क्षण गोल फिरली. मग एक अंडं तोंडात धरून तिनं जागेवर नेलं. परत आली, दुसरं नेलं. सदतीस अंडी होती. पाऊण तास लागला तिला. शेवटचं अंडं ट्रेच्या बाजूला मातीच्या ढेकळामागे गेलं होतं. ती त्या बाजूला चार वेळा गेली, पण मिळेपर्यंत थांबली नाही. साहेब उठताना नुसते "च्यायला" म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पिल्लं बाहेर आली. एकोणतीस. सरांनी सईला व्हिडिओ दाखवला. ती म्हणाली, "दे आर सो टायनी, अंकल. विल दे मेक इट?" सरांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

मग ती मरायला लागली. काही आपसात खाल्ली गेली, काही कात टाकताना अडकली. रोज सकाळी ऑफिसात शिरल्यावर सर बॅग खाली ठेवायच्या आधी पँट्रीत जायचे आणि मी त्यांच्या पाठीकडे बघून ओळखायची. एकवीस. सतरा. आई मेली ती चौदावर असताना. तिला त्यांनी बाटलीत घातलं, चिठ्ठी लिहिली, पण नाव लिहिलं नाही. जुलैत एका शनिवारी-रविवारी बिल्डिंगच्या एसीचा चिलर बंद पडला. सोमवारी ऑफिसचं दार उघडलं तर आतून भट्टीसारखी वाफ आली. त्या दिवशी पाच उरली.

सर जेवेनासे झाले. गाडीत बसल्या बसल्या आपल्याच बोटांवर दिवस मोजायचे. मी विषय काढला तर म्हणायचे, "गप्प बस, मानसी. आज नको." सहा वर्षांत ते माझ्याशी कधी असं बोलले नव्हते. त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन यायचा, स्पीकरवर. "बाबा, पुरे झालं आता किड्यांचं. आईला तुमची गरज आहे." हे "हो हो" म्हणायचे आणि फोन ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचे. एकदा म्हणाले, "अशी एक जात होती, एवढं कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे गं. घळ गेली. मी तिला घेतलं असतं तर निदान बाटलीत तरी असती. दया दाखवायला गेलो आणि नावही उरलं नाही तिचं."

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दोन उरली. दोन्ही शेवटच्या कातेवर आली होती. त्यातला एक नर असावा, असं सरांना वाटत होतं. बोलून मात्र दाखवलं नाही.

आता माझं सांगते.

लायसन्सचं इन्स्पेक्शन शुक्रवारी होणार होतं. इन्स्पेक्शनच्या आधी आम्ही आमच्याच ऑफिसात फवारणी करतो. किडे मारणाऱ्यांच्या ऑफिसात एक झुरळ निघालं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. फवारणी गुरुवारी ठरली होती आणि सर सकाळीच डबा उचलून एका दिवसासाठी माझ्या घरी ठेवणार होते. बुधवारी सकाळी फोन आला, इन्स्पेक्शन उद्यावर घेतलंय. त्याच वेळी जुमेरा लेक टॉवर्सच्या आमच्या सगळ्यात मोठ्या क्लायंटचा फोन, वाळवी, तारकरांनाच पाठवा. मी सरांना तिकडे पाठवलं. मग फवारणी बुधवार दुपारवर आणली. सरांना फोन करायला हवा होता. केला नाही. टीम फिरवायच्या होत्या, दोन क्लायंट्सना पुढची तारीख द्यायची होती, स्टाफला ऑफिस रिकामं करायला सांगायचं होतं. जॉब कार्ड भरलं, सही केली. कॉफी मशीन झाकून घेतलं. रिसेप्शनमधल्या माशांच्या टाकीवर प्लास्टिक घातलं, चारी बाजूंनी टेप लावली. साहेबांच्या माशांना मी विसरले नाही.

सगळ्या टीम बाहेर होत्या. फवारायला शिबू मोकळा होता. तो दोन महिन्यांच्या सुट्टीवरून केरळहून दोनच दिवसांपूर्वी परतला होता. डब्याचं त्याला काही माहीत नव्हतं, आणि मी त्याला सांगितलं नाही.

आम्ही सगळे समोरच्या कॅफेटेरियात चहा पीत बसलो होतो. चार वाजता शिबू मास्क काढत रस्ता ओलांडून आला. घामानं निथळत होता. मोठ्या समाधानानं म्हणाला, "मॅडम, खलास. पूरा चौदह पॉइंट किया. पँट्री के नीचे एक डब्बा था, मॅडम, उसके अंदर भी कीड़ा! हमारे ही ऑफिस में! कपडा हटाके अंदर तक मारा."

माझ्या हातातला चहा सांडला. मी उठले. साहेब माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात ऑफिससमोर टॅक्सी थांबली आणि सर उतरले. काम लवकर आटोपलं होतं. दारावरची फवारणीची पाटी त्यांनी वाचली. एक क्षण तिथेच उभे राहिले. मग ते धावले. तारकर सरांना मी धावताना तेव्हाच पाहिलं.

मी आत गेले तेव्हा ते पँट्रीच्या फरशीवर बसले होते. औषधाचा वास डोळ्यांत झोंबत होता. त्यांनी मास्कही लावला नव्हता. डबा मांडीवर. त्यातली माती, काथ्या ते ब्रशनं बाजूला करत होते, कण कण. एक पिल्लू सापडलं, ते त्यांनी ब्रशवर उचलून बशीत ठेवलं. दुसरं मिळेना. ते पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून सुरुवात करायचे. पुन्हा. मी "सर" म्हटलं. त्यांनी मान वर केली नाही. मलाही त्यांच्या शेजारी बसायचा धीर झाला नाही. दारातच उभी राहून मी रडत होते आणि ते शोधत होते.

दुसरं झावळीच्या तुकड्याखाली सापडलं. ते कात टाकत होतं. डोकं, मिशा, पाय, अर्धं अंग बाहेर आलं होतं, नवं, पांढरंफटक. मिशांचे मणी तर वेगळे दिसतही नव्हते. इअरविग कातेतून डोक्याकडून बाहेर येतो. शेपटीकडचा भाग सगळ्यात शेवटी. चिमटा आतच राहिला होता.

शिबू माझ्या मागे येऊन उभा होता. त्याला एव्हाना साहेबांनी सांगितलं असावं, कारण त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "सर, मुझे नहीं पता था. माँ कसम."

सरांनी विचारलं, "कौन सा मारा?"

शिबूनं औषधाचं नाव सांगितलं. सरांनी प्रमाण विचारलं. त्यानं तेही सांगितलं.

"सही है," सर म्हणाले. "बराबर किया तूने." आणि त्याच्या खांद्यावर थोपटायला हात उचलला, पण फरशीवर बसल्यामुळे हात त्याच्या गुडघ्यापर्यंतच पोहोचला. तिथेच थोपटलं.

पुढचे तीन दिवस ते टेबलावर भिंग लावून, दोन सुयांनी, त्या कातेतून चिमटा सोडवायचा प्रयत्न करत होते. आतला चिमटा अजून मऊ होता, ओल्या कागदासारखा. शेवटी त्याचे तुकडे झाले. ते तुकडेही त्यांनी बाटलीत भरले. म्युझियमला पाठवलेल्या फोटोला उत्तर आलं, फार वाईट वाटलं, पण यावरून काही सांगता येणार नाही.

मी त्यांना गाडीत सांगितलं. म्हणजे त्यांना ठाऊकच होतं, जॉब कार्डावर माझी सही होती. तरी मी सांगितलं. "सर, तुम्हाला फोन करायला विसरले. माशांची टाकी झाकली आणि तुमचा डबा विसरले. मला काहीतरी बोला. शिव्या द्या." मी गाडी चालवत होते, समोरचं धूसर झालं होतं, मागून हॉर्न वाजत होते.

त्यांनी आधी मला गाडी कडेला घ्यायला लावली. मग म्हणाले, "जॉब कार्ड मी बघितलं. त्यात एक चूक नाही." आणि थोड्या वेळानं, "नववा मुद्दा माझाच."

त्यांनी मला माफ केलं की नाही, मला आजही कळलेलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

उरलेल्या दिवसांत ते रोज पहाटे मार्केटमध्ये जायचे. त्या बेटावरून पुन्हा माल आला नव्हता. तरी नारळाच्या ढिगापाशी बसून एकेक नारळ हातात घेऊन टोपण उचलून बघायचे. व्यापारी आधी वैतागला, मग त्यानं त्यांच्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं.

ते गेले त्या दुपारी त्यांना विमानतळावर सोडायला मी आणि सई गेलो. सामान म्हणजे एक बॅग आणि बावीस बाटल्यांची पेटी. बाटल्यांमधलं स्पिरिट त्यांनी काढून टाकलं होतं, ओल्या कापसात किडे गुंडाळले होते, आणि परवानगीचे कागद छातीशी धरले होते. तेविसावी बाटली कुठे आहे, असं मी विचारलं नाही. सईला मी घरी बजावून ठेवलं होतं की आज तो खेळ नको. ती वाटभर गप्प होती.

दारासमोर गाडी फार वेळ थांबवू देत नाहीत. मी उतरून वाकून त्यांना नमस्कार केला. ते म्हणाले, "गाडी सांभाळून चालव. तू डावीकडे फार खेटतेस." मग ट्रॉली ढकलत काचेच्या दारातून आत गेले.

मी गाडीत बसले. तेवढ्यात मागची काच खाली झाली आणि सई ओरडली, "अंकल! हाऊ मेनी?"

त्यांना आतून ऐकू आलं असेल असं वाटत नाही. पण ते वळले. काचेपलीकडून त्यांनी तिला बघितलं. ट्रॉली सोडली आणि दोन्ही हात वर केले. दहा. पुन्हा दहा. मग उजवा हात वर केला आणि दोन बोटं.

सईनं मान जोरजोरात हलवली आणि खिडकीतून हात बाहेर काढून तीन बोटं दाखवली. ते तिच्याकडे बघत राहिले. हात तसाच वर होता, दोन बोटांचा. मग त्यांनी तो खाली घेतला, ट्रॉली धरली आणि लोकांमध्ये दिसेनासे झाले.

मागून पोलिसानं शिट्टी वाजवली. सईची तीन बोटं अजून खिडकीबाहेर होती. तिला हात आत घे म्हणून सांगितलं आणि मी गाडी काढली.